पुसा म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय गाडीचा आहे आणि मी चिडलेली आहे. गाड्यांमध्ये ज्यांना अजिबात रस नाही त्यांनी खुशाल दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. पण ज्यांच्या घरी 'इलेक्ट्रिक घेऊ की नको' यावर रोज जेवताना चर्चासत्र भरतंय, त्यांनी शेवटपर्यंत थांबा. नंतर 'आधी का नाही सांगितलंस गं' म्हणून फोन करायचा नाही. (मावशी, हे तुझ्यासाठी.)

माझं भांडण एका वाक्याशी आहे. गाडीच्या पडद्यावर ते टुंग असा आवाज करत येतं. 'पुढचा कॅमेरा झाकला गेला आहे. कॅमेरा स्वच्छ करा.' येतं अर्थात इंग्रजीत, पण मजकूर हाच. ते आलं की गाडीतली एकेक सेवा राजीनामा देते. लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग गेलं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ गेला. समोर काही आलं तर आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा 'मर्यादित' झाली. (मर्यादित म्हणजे किती, ते विचारायचं नाही.) हेडलाइट आपोआप वरखाली होणं गेलं. आणि माझ्या गाडीत तर साधा क्रूझसुद्धा जातो! म्हणजे साठचा वेग लावून पाय मोकळा ठेवायचा, ती आमच्या पहिल्या, तिसऱ्या हाताने घेतलेल्या खटाऱ्यातही असलेली सोय. त्या बिचाऱ्याला एकही कॅमेरा नव्हता, त्यामुळे तो कधी आंधळाही झाला नाही.

गाडी कुठल्या कंपनीची हे मी इथे लिहिणार नाही. एका कंपनीचं नाव घेतलं की बाकीच्या कंपन्यांचे भक्त टाळ्या वाजवतात आणि मुद्दा राहतो बाजूला. हे दुखणं थोड्याफार फरकानं बऱ्याच जणांकडे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. संध्याकाळी सातला आत, सकाळी सातला बाहेर. हॉस्पिटल राज्याच्या पश्चिम टोकाला, घर पूर्वेला, मधे इंटरस्टेट ७८ आणि त्यावर बंदराकडे निघालेल्या ट्रकांची रांग. बारा तास ट्यूबा आणि स्लाइडी बघितलेल्या माणसाचा डोळा सकाळी साडेसातला स्टिअरिंगवर कसा जड होतो, हे रात्रपाळी केलेल्यांनाच कळेल. आमच्याच लॅबमधली एक मुलगी अशीच घरी जाताना गार्डरेलला घासत गेली. वाचली. त्यानंतर घरच्यांनी माझ्यामागे टुमणं लावलं की असली, सांभाळून घेणारी गाडी घे. गाडीनं मला झोपू द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती आणि नाही. चुकून पट्टी ओलांडली तर हलकेच आत ओढावं, एवढीच. त्या एवढ्यासाठी आम्ही वरचं पॅकेज घेतलं आणि त्याचे पैसे मोजले.

आता ते वाक्य. त्याच्यावर माझा पहिला राग हा की ते वाक्यच नाही, ती टाळाटाळ आहे.

आमच्या लॅबमध्ये एखादं सँपल नाकारायचं असेल तर 'सँपल खराब आहे, नीट पाठवा' असं लिहून चालत नाही. असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मला बोलावणं येईल. कुठली ट्यूब, किती वाजता आली, आणि का नाकारली, हे लिहावंच लागतं. रक्तपेशी फुटल्यात, की रक्त गोठलंय, की कमी आहे, की नावाची चिठ्ठीच नाही. कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. पेशी फुटल्या असतील तर सुई टोचणाऱ्याला बघायला हवं, चिठ्ठी नसेल तर वॉर्डाला. नुसतं 'खराब' म्हटलं तर नर्स बिचारी पुन्हा तसंच रक्त काढणार आणि पेशंटला पुन्हा टोचणार. पन्नास डॉलरच्या तपासणीला आम्ही ही शिस्त पाळतो, आणि पन्नास हजार डॉलरची गाडी म्हणते 'पुसा'.

कारण 'झाकला गेला' या दोन शब्दांच्या पोटात निदान पाचसहा वेगवेगळे आजार आहेत. गंमत अशी की आपण मळलो आहोत हे कॅमेऱ्याला कळतच नाही. त्याला पापणी नाही, कुसळ गेलं तर खुपत नाही. सॉफ्टवेअर चित्राकडे बघून अंदाज बांधतं. गाडी पळतेय पण चित्राचा एक कोपरा हलतच नाही, म्हणजे तिथे काहीतरी चिकटलंय. चित्रात कडाच दिसत नाहीत, सगळं पिठूळ आहे, म्हणजे धुकं किंवा बाष्प. सगळं पांढरं झालं, म्हणजे ऊन. म्हणजे बघा, कारणाचा काहीतरी अंदाज आल्याशिवाय त्याला 'झाकला' म्हणताच येत नाही. मग तो अंदाज मला का सांगत नाही? आत सगळं माहीत असून बाहेर मोघम बोलणारा माणूस आपल्याला आवडतो का?

मळ हे सगळ्यात सोपं कारण. इथे हिवाळ्यात बर्फ पडायच्या आधीच रस्त्यांवर मिठाचं पाणी फवारतात, साधारण २३ टक्के मीठ असलेलं. कारण त्या प्रमाणात ते उणे २१ सेल्सियसपर्यंत गोठत नाही. ट्रकच्या चाकांमागून ते उडतं, वाळतं, आणि गाडीवर पापडासारखा पांढरा थर बसतो. मे महिन्यात ओकच्या झाडांचे पिवळे पराग, उन्हाळ्यात किडे. पुढच्या काचेवरचं निदान वायपर पुसतो. मागचा कॅमेरा मात्र नंबरप्लेटच्या वर उघडा असतो, आणि मागून सपाट गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा जो भोवरा होतो, तो रस्त्यावरचं सगळं उचलून तिथेच आणून लावतो. हॅचबॅकच्या मागच्या काचेला वायपर असतो तो त्यासाठीच. काच पुसायला वायपर, आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर असलेल्या कॅमेऱ्याला काही नाही! असो. मळ असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ मायक्रोफायबरचं कापड घ्या आणि हलक्या हातानं पुसा. अमोनियावालं काचेचं पाणी नको, बर्फ खरवडायची पट्टी तर मुळीच नको. भिंगावर ओरखडा गेला की तो कायमचा.

पण माझ्या अनुभवात मळ हे कारण निम्म्या वेळाही नसतं. आणि इथे मला इलेक्ट्रिक गाडीची खास गोम सांगायची आहे, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतं, ती फुकटची ऊब हिवाळ्यात काचेला मिळते. इलेक्ट्रिकमध्ये फुकट काही नाही. केबिन तापवायची तर बॅटरीतून सुरुवातीला काही किलोवॉट जातात, आणि थंडीत रेंज आधीच घटलेली असते. म्हणून सगळे सल्ला देतात, अमेरिकन सरकारची मायलेजबद्दलची वेबसाइटसुद्धा देते, की केबिन तापवण्यापेक्षा सीट तापवा. सीटला शंभरेक वॉट पुरतात. सल्ला उत्तम आहे. बसणाऱ्याला छान ऊब मिळते. पण काच? काच राहते थंडगार. आत माणसाचा श्वास, बुटांना चिकटून आलेला बर्फ वितळून झालेलं पाणी, पायपुसण्या ओल्या. ती दमट हवा सगळ्यात थंड जागी जाऊन बसते. आणि समोरच्या काचेत सगळ्यात उशिरा तापणारी जागा कुठली? सगळ्यात वरची, आरशाच्या मागची, कारण गरम वारा येतो खालून डॅशबोर्डमधून. नेमका तिथेच, प्लॅस्टिकच्या टोपणात, कॅमेरा बसवलेला. म्हणजे रेंज वाचवायचा सल्ला पाळला की कॅमेऱ्यावर बाष्प धरतं, आणि कॅमेरा वाचवायचा तर काच तापवा, रेंज गेली. एकाच कंपनीच्या एकाच पुस्तकात, दोन वेगवेगळ्या पानांवर, हे दोन्ही उपदेश! ही दोन पानं लिहिणारी माणसं एकमेकांशी बोलत नसावीत. एखाद्या घरातल्या जावा असतात तशी.

यावर उपाय आहे, आणि तो पुसणे हा नाही. बाहेरून कितीही पुसा, बाष्प आत आहे. निघण्याआधी दहापंधरा मिनिटं, गाडी चार्जरला लावलेली असतानाच, केबिन गरम करून घ्या. म्हणजे वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही. वारा समोरच्या काचेवर सोडा, एसीचं बटण चालू ठेवा (हो, थंडीतही, एसी हवा कोरडी करतो), आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची कोरडी हवा घ्या. दारांमधल्या खांबात कॅमेरे असतील तर बाजूचे वाऱ्याचे झरोके तिकडे वळवा. हे मी कुठे शिकले? पडद्यावर नाही. पुस्तकात मागे कुठेतरी बारीक अक्षरात होतं. पडद्यावर मात्र 'स्वच्छ करा'. आमच्या घरी उणे दहा तापमानात एक गृहस्थ त्या वाक्यावर विश्वास ठेवून सलग तीन दिवस सकाळी कोरडी ठणठणीत काच बाहेरून पुसत होते. नाव घेत नाही, ते हे वाचतात.

आणखी एक आतलं कारण. नव्या गाडीचा जो वास लोकांना आवडतो ना, ती प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ असते, आणि ती काचेच्या आतल्या बाजूला तेलकट पडदा धरते. बाकीची काच आपण पुसतो. कॅमेऱ्यासमोरची तळहाताएवढी जागा टोपणाखाली असते, तिथे आपला हात पोचत नाही. तो पडदा दिवसा जाणवत नाही. ऊन समोरून आलं की पेटतो.

आणि ऊन हे कारण मला सगळ्यात जास्त छळतं. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये घड्याळं पुढे गेल्यावर, मी निघते तेव्हा सूर्य जेमतेम वर आलेला असतो आणि रस्ता बरोबर त्याच्या तोंडात जातो. मला दिसत नाही. मी डोळे बारीक करते, झापड खाली ओढते, मान जरा वाकडी करते. आणि नेमक्या त्याच क्षणी टुंग! कॅमेऱ्यालाही दिसत नाही. स्टिअरिंग मोकळं. सबंध रस्ताभर, जेव्हा सगळं लख्ख दिसत होतं तेव्हा, मदतीला हजर असलेला हा सहाय्यक, मला दिसेनासं झालं की म्हणतो, 'मलाही दिसत नाही हो, तुम्हीच बघा.' भर पावसात तेच. धुक्यात तेच. ज्याच्या डोळ्याची खोड आपल्या डोळ्यासारखीच आहे, त्याला आपल्या डोळ्याचा आधार कसं म्हणायचं? आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरलेला. त्यातला एक बारा तास जागलेला.

टेस्लानं मे २०२१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांमधून रडार काढून टाकलं, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून बंपरमधले अल्ट्रासॉनिक सेन्सरही काढायला सुरुवात केली. इलॉन मस्क यांचा युक्तिवाद प्रसिद्धच आहे. माणूस दोन डोळ्यांनी आणि मेंदूनं गाडी चालवतो, मग गाडीला कॅमेरे पुरेत. ऐकायला छान वाटतं. पण माणसाचा डोळा नुसता भिंग नाही हो. त्याच्यापुढे वायपरनं पुसलेली काच आहे, त्याला पापणी आहे, अश्रू आहेत, वळणारी मान आहे, कपाळावर धरायला हात आहे. मुख्य म्हणजे आपल्याला कमी दिसतंय हे माणसाला हळूहळू कळत जातं, आणि तो तसा वेग कमी करत जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं, म्हणजे एनएचटीएसएनं, टेस्लाच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' असलेल्या सुमारे २४ लाख गाड्यांची चौकशी सुरू केली ती चार अपघातांवरून. चारही कमी दिसत असतानाचे, सूर्याची तिरीप, धुकं, हवेतली धूळ. एकात पायी चालणारा माणूस गेला.

रडार म्हणजे काही देव नाही, हेही सांगते. ७७ गिगाहर्ट्झच्या त्या लहरींना ऊन आणि धुकं अडवत नाही, पण रडार बहुतेक पुढच्या लोगोमागे किंवा बंपरमध्ये असतं आणि तिथे ओला बर्फ थापला गेला की तेही गप्प. आणि आपल्या लोकांसाठी खास सूचना. नवी गाडी ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात नेऊन पूजा करा, चाकांखाली लिंबं ठेवा, दसऱ्याला झेंडूचा हार घाला, पण घरी आल्यावर तो हार लोगोवरून काढा! आमच्या ओळखीच्या एका घरी दसऱ्यापासून दोन दिवस गाडी 'पुढचा सेन्सर झाकला' म्हणत होती आणि घरचे सॉफ्टवेअर अपडेटची वाट बघत होते. पुढे लटकवलेल्या लिंबू-मिरचीचंही तेच. दृष्ट लागू नये म्हणून बांधायची, आणि गाडीचीच दृष्टी घालवायची.

हसू नका. भारतातही आता महिंद्रा, टाटा, एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे कॅमेरे आले आहेत. तिकडे फास्टॅग, २०२१ च्या फेब्रुवारीपासून सगळ्यांना सक्तीचा, काचेवर आरशाच्या मागेच लावतात. इथला टोलचा ईझी-पासही तिथेच. सोसायटीच्या पार्किंगचा गोल स्टिकर तिथेच. डॅशबोर्डवरच्या गणपतीचं प्रतिबिंब काचेत पडतं ते निराळं. (बाप्पा, तुझी हरकत नाही, फक्त जरा डावीकडे सरक.) माझ्या पुण्याच्या भाच्याला मी फोनवर काचेचा फोटो काढून पाठवायला लावला आणि स्टिकर चार बोटं खाली सरकवायला सांगितला. दोन महिन्यांची कटकट गेली. पुसून गेली नसती.

'झाकला' मधे आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे झाकलेलाच नसलेला. काच बदलली, कॅमेरा केसभर हलला, तर त्याला पुन्हा दिशा शिकवावी लागते. काही गाड्यांना त्यासाठी गॅरेजमध्ये समोर खुणांचे फलक ठेवतात, काही पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर वीसपंचवीस मैल पळवल्या की आपसूक शिकतात. नाहीतर मग केबल, जोड, खुद्द कॅमेरा. पुसून, वाळवून, ऊन टाळून, गाडी बंद करून पुन्हा चालू करूनही त्याच कॅमेऱ्याचं रडगाणं रोज चालू असेल तर तो तुमचा मळ नाही, त्यांचा बिघाड आहे. हे मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण सर्व्हिस सेंटरला तसं वाटत नाही. मी गेले तेव्हा त्यांनी गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली आणि कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही. ग्राहकास कॅमेरा स्वच्छ ठेवण्याची सूचना दिली.' आणि तपासणीचं बिल. मळ वॉरंटीत बसत नाही म्हणे! त्या सूचनेचे पैसे मी भरले, ती सूचना गाडी मला रोज फुकट देते.

आता विरुद्ध पक्ष. आमचे नानाकाका (ते वाचतात, आणि मग फोन करतात) म्हणतील, 'अगं, आम्ही तीस वर्षं फियाट चालवली, खंडाळ्याच्या धुक्यात, एक डोळा खिडकीबाहेर काढून. कशाला हवीत ही थेरं? बंद कर आणि चालव.' काका, तुमचं खरं आहे. मी चालवतेच. पण हे आता थेर राहिलेलं नाही. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक आणि लेन राखणं सक्तीचं आहे. अमेरिकेनं एप्रिल २०२४ मध्ये नियम जाहीर केला, तेव्हा ठरवलेली मुदत सप्टेंबर २०२९. त्यात ताशी ६२ मैलांपर्यंत पुढच्या गाडीला धडक टाळता आली पाहिजे आणि पायी चालणारा माणूस अंधारातही ओळखता आला पाहिजे. म्हणजे हे ब्रेकच्या आणि सीटबेल्टच्या पंगतीत येऊन बसलंय. सीटबेल्ट कधी म्हणतो का, 'आज पाऊस आहे, मी येत नाही'?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो माझ्या नवऱ्याचा. तो म्हणतो, निदान ती प्रामाणिकपणे सांगते ना दिसत नाही म्हणून? दिसत नसताना दिसल्याचा आव आणणारी गाडी जास्त वाईट. हे मला शंभर टक्के मान्य. त्या २०२४ च्या नियमातही अट आहे की सेन्सर झाकल्यामुळे कामगिरी घसरली तर गाडीनं ते ओळखून चालकाला सांगावं. उत्तम. पण सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली, असा जो सूर आहे तो मला खटकतो. 'आम्ही सांगितलं होतं' हे वाक्य अपघातानंतर कामाला येतं, आधी नाही. आणि रोज खोटी आवई देणाऱ्या यंत्राचं पुढे काय होतं ते हॉस्पिटलातल्या कुणालाही विचारा. आयसीयूमध्ये दिवसभर वाजणाऱ्या अलार्मकडे हळूहळू कुणी बघत नाही. मीही त्या टुंगकडे बघेनाशी झाले, तर ज्या दिवशी ते खरंच महत्त्वाचं असेल त्या दिवशी काय?

बरं, मळ हाच खलनायक असता तरी एक वेळ समजले असते. ट्रिपल ए या इथल्या मोटारचालकांच्या संघटनेनं २०२१ मध्ये चाचण्या केल्या. काचेवर किडे, माती यांचे डाग मुद्दाम उमटवले, तर यंत्रणांच्या कामात फारसा फरक पडला नाही. (काच याहून घाण असेल तर पडू शकतो, असंही त्यांनी म्हटलं.) पण कृत्रिम मुसळधार पाऊस पाडला तेव्हा ३५ मैलांच्या वेगात आपोआप ब्रेक असलेल्या गाड्या उभ्या गाडीवर तीनातून एकदा जाऊन आदळल्या, आणि लेन राखणाऱ्या गाड्यांनी ६९ टक्के वेळा पट्टा ओलांडला. म्हणजे खरा शत्रू पाणी आहे, आणि उपदेश मात्र फडक्याचा.

पुसायला हवंच असेल तर मग गाडीनं पुसावं की! मेरी अँडरसन नावाच्या बाईनं वायपरचं पेटंट घेतलं १९०३ साली. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसली होती, ड्रायव्हरला समोरचं दिसावं म्हणून पुढची खिडकी उघडी ठेवलेली, आणि सगळे कुडकुडत होते. तिला कुणी 'काच स्वच्छ ठेवा' अशी पाटी लावून गप्प बसवलं नाही, निदान ती बसली नाही. साबनं १९७० साली हेडलाइटला वायपर लावले. युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या प्रकाशझोताच्या हेडलाइटला धुण्याची सोय असलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे माणसाच्या डोळ्यासमोरची काच पुसायची, दिवा धुवायचा, हे सगळं आपण केलं, आणि आता ज्याच्यावर ब्रेक अवलंबून आहे त्या डोळ्यासाठी चालकाचा हातरुमाल! करता येत नाही असंही नाही. वेमोच्या ड्रायव्हरविना फिरणाऱ्या टॅक्स्यांच्या सेन्सरना इवलाले वायपर आहेत, कारण तिथे 'पुसा' म्हणायला गाडीत माणूसच नाही. माणूस नसला की इंजिनियरांना उपाय सुचतो, हे किती बोलकं आहे! २०२५ च्या नव्या मॉडेल वायच्या पुढच्या बंपरमधल्या कॅमेऱ्यालाही फवारा दिलाय. काही गाड्यांत मागच्या कॅमेऱ्याला असतो. मग तो सगळ्यांना का नाही? बटण दाबलं की रंग बदलणाऱ्या आतल्या दिव्यांना पैसे आहेत, आणि चमचाभर पाण्याच्या पिचकारीला नाहीत?

माझं मागणं फार नाही. कुठला कॅमेरा, कशामुळे, आणि किती वेळापासून, हे पडद्यावर लिहा. त्या कॅमेऱ्याला आत्ता काय दिसतंय ते चित्र मला दाखवा, मी माझं बघते, ऊन की बाष्प की कबुतर. साधा क्रूझ कॅमेऱ्याच्या दावणीला बांधू नका. कॅमेऱ्यापुढची काच आपोआप तापवा. आणि बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला पाणी द्या.

तोवर मी ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, तापमान, ऊन कुठून, काच कशी, कुठली सेवा गेली, किती मिनिटांत परत आली. घरी पोचल्यावर लिहायची, चालवताना नाही. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरला जाताना ती बरोबर नेणार आहे. ज्यांच्याकडे असल्या गाड्या आहेत त्यांनीही अशी एखादी ठेवा. कागदावर लिहिलेलं समोर ठेवलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो, हा लॅबमधला अनुभव.

आणि मावशी, टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा वर्तमानपत्राचा एक ओला तुकडा घेऊन जा. आरशाच्या मागे, बाहेरून, कॅमेऱ्यापुरता चिकटव आणि पार्किंग लॉटमध्येच हळू एक चक्कर मार. काय काय बंद पडतं, पडद्यावर नेमके कुठले शब्द येतात, आणि साधा क्रूझ लागतो का, ते विक्रेत्याला शेजारी बसवून विचार. तो म्हणेल, 'मॅडम, असं कुणी करत नाही.' म्हणू दे. कागद काढायच्या आधी पडद्याचा फोटो घे आणि मला पाठव.